पारंबीला हात लावण्यापूर्वी

वाचन : उत्पत्ती 2:15

एदेन बागेत ठेवलेल्या मनुष्यावर दोन कामे सोपविली होती : मशागत आणि राखण. यांपैकी राखणीचा अर्थ आपण हावड्यातील एका वटवृक्षावरून समजून घेऊ.

हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे 1787 साली कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने वनस्पती-उद्यान स्थापन झाले. आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मराठी ख्रिस्ती जनांचा त्याच्याशी एक जुना धागा आहे. श्रीरामपूरहून 1805 साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम केरी यांनीच या उद्यानातील वनस्पतींची रॉक्सबर्गकृत सूची 1814 साली प्रकाशात आणली.

येथील महावटवृक्षाने सुमारे दीड हेक्टर भूमी व्यापली आहे. दुरून पाहणाऱ्यास ते लहानसे वनच भासते. परंतु या वनाला मूळ खोड नाही. 1864 व 1867 च्या चक्रीवादळांत मोठ्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि अखेर 1925 साली कुजलेले खोड काढून टाकावे लागले. तरीही वृक्ष जगला, तो जमिनीत रुजून खांब झालेल्या हजारो पारंब्यांच्या बळावर. मे 2020 मधील अम्फान चक्रीवादळाने त्याची पुन्हा हानी केली.

म्हणून अशा वृक्षाखाली जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

1. लोंबती पारंबी हा उद्याचा खांब आहे. तिला ओढू नये, तिचे कोवळे टोक खुडू नये.

2. सालीवर नाव कोरू नये. वादळाने केलेल्या जखमेतून बुरशी शिरते, तशीच चाकूने केलेल्या जखमेतूनही शिरते.

3. आखलेली वाट सोडू नये. पावलांनी माती घट्ट होते व मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते.

4. गळलेले पान व फळ तेथेच राहू द्यावे; आपण नेलेला कागद व पिशवी मात्र परत आणावी.

एका सहलीत एकच पारंबी तुटली, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण प्रत्येक सहलीने असेच मानले, तर पुढच्या वादळात वृक्षाने कोणाचा आधार घ्यावा? राखण म्हणजे पुष्कळदा आपला हात आवरणे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावाजवळील राई किंवा वनात कोणती हानी नकळत होते?

2. मंडळीच्या पुढील सहलीपूर्वी मुलांना काय सांगाल?