कापसाची परीक्षा

दिवाळीच्या सुमारास गेवराईकडे गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते पांढरी दिसतात. बाया ओटी बांधून कापूस वेचत असतात. गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणी हा आपल्या बीड जिल्ह्यातला कापसाचा मुलूख. लेकीचे लग्न, दुकानदाराची उधारी, सारे कापसावर ठरते.

कापूस विकायला नेला म्हणजे व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो. बोटांनी ओढून पाहतो आणि म्हणतो, "धागा आखूड हाय. ओलबी लई हाय." आता शेतकऱ्याने काय बोलावे? व्यापाऱ्याचे म्हणणे खरे असेल, खोटेही असेल. शेतकऱ्याजवळ मोजायला मापच नाही.

कापसाला माप लावण्याचे काम करणारी एक सरकारी संस्था मुंबईत माटुंग्याला आहे. ती १९२४ साली सुरू झाली. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याआधी १९२१ साली कापसासाठी एक मध्यवर्ती समिती नेमली होती. १९२३ साली कायदा झाला आणि कापसाच्या दर गठाणीमागे काही आणे पट्टी बसली. त्या पैशातून समितीचा खर्च चाले. म्हणजे पैसा कापसातूनच आला. ज्याने जन्मात मुंबई पाहिली नाही, त्या कुणब्याच्या कापसाचाही त्याला हातभार लागला. हे आपण विसरू नये.

अशी संस्था कशाला हवी होती? आपला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा. त्याचे बारीक सूत निघत नसे. शेतकी खात्याचे लोक नवे वाण काढीत. पीक किती आले ते तराजू सांगे. पण सूत कसे निघेल, हे कोण सांगणार? गिरणीला विचारावे, तर गिरणीला पुष्कळ कापूस लागतो. नवा वाण तर पहिल्या वर्षी ओंजळभरच असतो! म्हणून माटुंग्याच्या प्रयोगशाळेत सूत काढायची यंत्रे बसवली. थोड्याशा कापसाचे सूत काढून त्याची लांबी, बारीकपणा, ताकद तपासायची. वाण चांगला ठरला तर शेतात जायचा.

१९६६ साली ही प्रयोगशाळा भारतीय कृषि संशोधन परिषदेकडे आली. १९९१ पासून तिचे नाव केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था असे आहे. नागपूरला तिचे एक केंद्र आहे. तिथे १९८५ पासून जिनवर काम करणाऱ्यांना शिकवतात.

जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारे यंत्र. पूर्वी हे काम घरोघर चरकीवर होई. एक क्विंटल कापसातून साधारण तेहेतीस ते छत्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. याला उतारा म्हणतात. उतारा जास्त तर कापसाला मोल जास्त. संस्थेने नमुना तपासायला एक लहानसा जिन बनवला आहे, त्याला लिलिपुट जिन म्हणतात. थोडासा कापूस घातला की उतारा समजतो.

जिनाच्या रुळाला चामडे लावतात. ते कमावताना क्रोम नावाचे द्रव्य वापरतात. रूळ झिजला म्हणजे त्याची धूळ उडते. ती रुईत मिसळते आणि कामगारांच्या छातीत जाते. ही धूळ विषारी. म्हणून संस्थेने क्रोम नसलेला रबरी रूळ तयार केला. मला विचाराल तर साऱ्या कामांत हे मोलाचे, कारण जिनावरचा माणूस कुणाच्या हिशेबात धरलेला नसतो.

पऱ्हाटीचेही असेच. आपण ती बांधावर जाळतो. संस्थेने तिच्या भुश्शापासून फळ्या करून दाखवल्या. शिवाय पऱ्हाटी शेतात उभी राहिली, तर शेंदरी बोंडअळी तिच्यात दडून बसते.

आता वेचणीकडे वळू. कापसात केस, सुतळी, पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे गेले, तर ते कुठल्याही यंत्राने पुरते निघत नाहीत. कापडावर डाग दिसतो. म्हणून डोक्याला फडके बांधावे आणि कापूस सुती कापडात भरावा. दव वाळल्यावर वेचावे.

हे एका शेतावर सांगितले, तेव्हा एक आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं खरं हाय, दादा. पण मजुरी किलोवर मिळते. एक एक पान काढीत बसले, तर माझा कापूस शेजारणीपेक्षा कमी भरतो. मग माझं नुकसान कोण भरून देणार?"

मालक बांधावरच उभे होते. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निवडक वेचलात, तर किलोमागं जास्त देईन. पण बाजारात मला जास्त मिळाला पाहिजे."

"आधी द्या, मालक," आत्याबाई म्हणाल्या, "मग बाजारचं बघू."