कडक भाकरीचं जळण

कडक भाकरी विकणारीला गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्वारी विचारतं. मालदांडी म्हटलं की खूश. जळण कुठलं, हे कुणी विचारत नाही. आमची एक अख्खी ऑर्डर बुडाली ती जळणापायी.

आषाढीच्या तोंडावर एका दिंडीसाठी भाकरी करायच्या होत्या. घरचं जळण संपत आलेलं, म्हणून एका वखारीतून बाभळीची लाकडं वजनावर आणली. ताजी तोड, वर पावसात भिजलेली. चूल नुसती धुमसायची, निखारा धरायचाच नाही. कडक भाकरी तव्यावर भाजून भागत नाही. पुढं ती निखाऱ्याच्या धगीला उभी करून आतली ओल घालवावी लागते. आमच्या भाकरी दिसायला कडक झाल्या, आत ओल राहिली, आणि वाटेतच त्यांना बुरशी आली.

ताज्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणीच असतं. चुलीला 20 टक्क्यांच्या आतलं लाकूड हवं. म्हणजे 40 टक्के ओलीचं 100 किलो लाकूड घेतलंत, तर वाळून ते 75 किलोच भरेल. बाकीचे पैसे पाण्याचे. शिवाय पाण्याला उकळी आणायला जेवढी आग लागते, त्याच्या सातेक पट ते आटवायला लागते. ती भाकरीच्या वाट्याची आग. म्हणून ओला माल घ्यायचाच असेल तर गाडीवर ठरवा, काट्यावर नको.

झाड ओळखता आलं पाहिजे. बाभळीची साल काळपट, उभी चिरलेली, आतला गाभा तांबूस. तिचा निखारा टिकतो. माळावर माजलेली वेडी बाभूळही तितकीच चांगली जळते, फक्त तिचा काटा मोडला की पाय सुजतो. सुबाभूळ लवकर पेटते, लवकर संपते. तुराट्या पेटवणापुरत्या. शेवगा फुकट मिळाला तरी नको, त्याला निखारा नाही. कण्हेर आणि चिकाचं शेर चुलीत कधीच घालू नका. कण्हेरीचं सगळं झाड विषारी, आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. रंग दिलेल्या जुन्या चौकटी आणि प्लायवूडही नकोच. ‘चुलीवरची’ म्हणून चार पैसे जास्त देणाऱ्याला आपण रंगाचा धूर खाऊ घालायचा का?

आता आम्ही तुरी निघाल्यावर, माघ-फाल्गुनात जळण भरतो. आमच्याकडं मार्च ते मे उन्हाची भट्टीच असते, तिचा फुकट उपयोग होतो. ओंडके आणल्या आणल्या फोडायचे. बाभूळ, निलगिरी ओली असताना कुऱ्हाडीला ऐकते, वाळली की पाचर घालून घणानं झोडावी लागते. साल पाणी धरून ठेवते, फोडलेल्या अंगानं ते सुटतं. मनगटाएवढी ढलपी एका उन्हाळ्यात तयार होते. अख्खा ओंडका पुढच्या वर्षीही आत ओला निघतो. खाली दगड किंवा विटा, नाहीतर वाळवी लागते. मध्ये फटी, वाऱ्याला आडवी रास, वर पत्रा. ताडपत्रीत गुंडाळू नका, आतल्या वाफेनं लाकूड कुबट होतं.

वाळलं कसं ओळखायचं? टोकांना चिरा पडतात, साल सुटते, दोन ढलप्या एकमेकींवर मारल्या की टणक वाजतात. पण ओला माल विकणाराही त्या वाजवूनच दाखवतो, म्हणून माझा भरवसा काट्यावर. एका ढलपीला खूण करून तिचं दर आठवड्याला वजन करत राहायचं. वजन उतरायचं थांबलं की झालं.

आणि तोडीचं विचारून घ्या. चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. शहराच्या हद्दीत 1975 चा कायदा आहे, तिथं महापालिकेला विचारल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही. चिंचेची गाडी फार स्वस्तात दारात आली, तर आधी कागद मागा, मग भाव करा.