प्रत्येक फुलाचा पाहुणा वेगळा

मी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये राहतो. इथल्या पूक्कडै भागात, म्हणजे जुन्या फुलबाजारात, मोगऱ्याच्या कळ्या विकतात. सकाळी खुडलेली कळी संध्याकाळी गजऱ्यात उमलते. पांढरा रंग आणि अंधारात दरवळणारा वास ही तयारी खरी रात्रीच्या पतंगांसाठी. बाजारातल्या मोगऱ्याला पतंग भेटत नाही, पण झाडाचं अडत नाही. माळी फांदी लावून नवं रोप करतो. रानफुलाला माळी नसतो. त्याला बी धरावंच लागतं.

म्हणून साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे वळू. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. पावसाळा सरताना तिथे एकाच कातळावर नाना फुलं दिसतात, पण त्यांचे पाहुणे वेगळे. सोनकी म्हणजे उघडं ताट. मकरंद उथळ, त्यामुळे माश्या, मधमाश्या, फुलपाखरं सगळेच जेवून जातात. तेरड्याचा मकरंद फुलामागच्या बारीक शेपटीत असतो. सोंड लांब असेल त्यालाच तो पोचतो.

कंदीलपुष्पाची तऱ्हा तर औरच. वासाला भुलून चिमुकली माशी नळीत घसरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे वर येता येत नाही. केस कोमेजले की तिची सुटका होते, अंगाला परागांची पुडी चिकटवूनच. हीच माशी पुन्हा दुसऱ्या कंदिलात फसली, तरच बी धरतं! अशी माशी संपली तर सोनकीचं फारसं बिघडणार नाही, कंदीलपुष्पाचं मात्र सगळंच अडेल.

शाळेच्या बागेत मधाची पेटी ठेवली की झालं ना, असं काही पालक विचारतात. पेटी जरूर ठेवावी, पण तेवढ्याने भागत नाही. वांग्याच्या फुलाचे पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून पडतात. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते भरभर सांडतात. पेटीतल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. भुंगा घर करतो वाळक्या लाकडात नि बांबूत, आणि साफसफाईत आपण आधी तेच जाळतो.

या आठवड्यात एकच झाड निवडा. सकाळी दहा मिनिटं आणि दिवेलागणीनंतर दहा मिनिटं समोर बसा. कोण आलं ते लिहा, आणि त्याच्या अंगाला पराग लागले का, तेही. नुसता बसून उडालेला कीटक वेगळ्या रकान्यात मांडा.