ते दुखणं गॅसचं नव्हतं

दुर्बिणीनं पित्तनलिकेतला खडा काढून त्याच संध्याकाळी मी पुण्याहून साताऱ्याला घरी आले. रात्री साडेदहाला पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं. दिवसभर उपाशी होते, गॅस झाला असेल म्हणून सासूबाईंनी ओवा आणि सैंधव चावायला दिलं. मग गरम पाण्याची पिशवी झाली, बेंबीभोवती हिंग लावून झाला. दुखणं मात्र पट्टा आवळावा तसं पाठीपर्यंत आवळत गेलं. उताणं पडवेना. उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसलं की तेवढंच बरं वाटायचं. दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. तरी ‘सकाळी बघू’ म्हणत आम्ही उजाडायची वाट पाहिली.

पहाटे मुलानं फाइलमधून डिस्चार्जचा कागद काढला. शेवटच्या दोन ओळी इंग्रजीत होत्या: पोटात तीव्र दुखलं, उलट्या झाल्या किंवा ताप आला तर ताबडतोब कळवा. खाली रात्रीही चालणारा फोन नंबर. तो कागद रात्रभर आमच्या उशापाशी होता आणि कुणी वाचला नव्हता.

रुग्णालयात रक्त तपासलं, तेव्हा लायपेज हे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य कितीतरी पटींनी वाढलेलं होतं. स्वादुपिंडाला सूज आली होती. पुढचे नऊ दिवस मी सलाइनवर आणि वेदनाशामकांवर काढले.

दुर्बिणीनं खडा काढायच्या या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. तिच्यामुळे माझी कावीळ उतरली, अडकलेला खडा निघाला. त्यासाठी पोट फाडावं लागलं नाही. ती वाईट आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ‘छोटीशी दुर्बीण आहे काकू, संध्याकाळी घरी’ या एका वाक्यावर आम्ही विसंबलो. मी गाऊन घालून आत गेल्यावर ह्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या संमतिपत्रावर सही केली. त्यात सगळे धोके लिहिलेले होते.

दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचते. तिथं एक बारीक उंचवटा असतो. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी दोन्ही तिथंच उघडतात. डॉक्टर त्या तोंडातून बारीक नळी घालतात, औषध सोडून एक्स-रेवर नलिका पाहतात, गरज पडली तर तोंड थोडं कापून खडा ओढून काढतात. दोन्ही वाटांचं दार एकच असल्यामुळे स्वादुपिंड दुखावलं जाऊ शकतं. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना अशी सूज येते. बहुतेकांची सौम्य असते आणि काही दिवसांत उतरते, पण थोड्यांच्या जिवावर बेतते. कापलेल्या जागी रक्तस्राव होणं, नलिकेत जंतुसंसर्ग होणं आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणं हे बाकीचे धोके.

ही पद्धत १९६८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती तपासणीच होती. १९७४ मध्ये नलिकेचं तोंड कापून खडे काढता येऊ लागले. आता नुसतं पाहायचं असेल, तर एमआरसीपी म्हणजे एमआरआयचाच एक प्रकार आहे, दुर्बिणीची सोनोग्राफीही आहे. त्यांत ईआरसीपीसारखा धोका नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘डॉक्टर, नलिकेत खडा किंवा अडथळा असल्याचं कशावरून ठरवलंत? आधी एमआरसीपी करून बघता येईल का?’ पोट दुखतंय एवढ्यावर, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे अहवाल ठीक असताना कुणी ईआरसीपी सुचवली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

दुसरा प्रश्न: ‘स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून काय करणार?’ डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची गोळी गुदद्वारातून दिल्यानं हा धोका कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा या औषधांची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर तेही सांगा, कारण तुमचा धोका जास्त असतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या. त्या बंद करायच्या की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. गर्भधारणेची शक्यता किंवा जठराचं जुनं ऑपरेशन लपवू नका.

तिसरा प्रश्न: ‘आत स्टेंट ठेवला का?’ स्टेंट म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून नलिकेत ठेवलेली बारीक नळी. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळानं तुंबू लागतो. दुखत नाही म्हणून माणसं विसरतात आणि मग थंडी वाजून ताप, कावीळ घेऊन परत येतात. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या आणि घरी येताच कालनिर्णयवर मांडा. नलिकेतला खडा निघाला तरी पित्ताशयातले खडे तसेच राहतात. ते काढायचं ऑपरेशन कधी करायचं, तेही तेव्हाच विचारा. ‘आता बरं आहे’ म्हणून पुढं ढकलू नका.

गाव लांब असेल, तर ती रात्र रुग्णालयात किंवा जवळच्या नातेवाइकांकडे काढा. पोटात वाढत जाणारं, पाठीत जाणारं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, थंडी-ताप, काळी डांबरासारखी शौच किंवा परतलेली कावीळ, यांतलं काहीही दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका. दुखत असताना खाऊ-पिऊ नका, थेट फोन करा. रक्तस्राव आठवड्याभरानंतरही होऊ शकतो, म्हणून पुढचे काही दिवस शौचाकडे लक्ष ठेवा.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेची ईआरसीपी झाली. तेव्हा नर्सताईंकडून डिस्चार्जच्या कागदातली प्रत्येक ओळ मी मराठीत समजून घेतली, मोठ्या अक्षरांत लिहिली आणि फोन नंबरासह तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवली. तिला काही त्रास झाला नाही. तरी त्या रात्री आम्ही दोघी पुण्यातच राहिलो. मी दर तासाला उठून तिला एकच विचारत होते, ‘पाठीत जातंय का गं?’