खारवट जमीन आणि वीज खाणारे जिवाणू

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या जमिनीवर पांढरा थर दिसू लागला की एखादे जिवाणू खत टाकून ती सुधारेल का, असा प्रश्न हमखास येतो. खाऱ्या पाण्यात राहून वीज खाणारे जिवाणू सापडल्याचे ऐकून आशा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून त्यांचे खरे काम समजून घ्या.

हे जिवाणू कोणते?

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कोणाला तरी देणे म्हणजे श्वसन. आपण ते प्राणवायूला देतो. काही जिवाणू शरीराबाहेरील लोहखनिजाला किंवा विद्युताग्राला देतात. काही जिवाणू उलट विद्युताग्राकडून इलेक्ट्रॉन घेऊन जगतात. हेच वीज खाणारे जिवाणू.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो. मोहालीच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. सुनील पाटील व सहकाऱ्यांनी तेथील वीज देणाऱ्या जिओअल्कलीबॅक्टर जिवाणूंवरील संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध केले. वीज खाणाऱ्या जिवाणूंचा उपयोग खारट सांडपाण्यातील नायट्रेट काढण्यासाठी होऊ शकतो. मात्र हे शेतात टाकायचे खत नव्हे.

आपल्या शेतात काय घडते?

पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो. मग जिवाणू इलेक्ट्रॉन आधी नायट्रेटला, नंतर लोहाला व शेवटी सल्फेटला देतात. त्यामुळे युरियातील नत्र वायुरूपाने उडून जाते, माती निळसर-करडी होते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि उसाची मुळे काळी पडतात. सोडियम मात्र तेथेच राहतो. कोणताही जिवाणू तो नष्ट करू शकत नाही. तो निचऱ्याच्या पाण्याबरोबरच बाहेर जातो.

काय करावे?

१. प्रथम माती तपासा. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास जमीन क्षारयुक्त आहे. तेथे निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुवावेत; जिप्समची गरज नाही.

२. सामू ८.५ पेक्षा व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास जमीन चोपण होय. तपासणी अहवालाप्रमाणे जिप्सम मिसळावे. निचरा नसेल तर हा खर्च वाया जातो.

३. धैंचा फुलोऱ्यापूर्वी गाडावा. उसाला मोजून पाणी द्यावे.

४. चराचे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने अनेक गावांतील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले. एकट्याने न होणारे काम असे सर्वांनी मिळून होते.

तेव्हा बाटलीतील जिवाणू विकत घेण्याआधी शेतातील पाण्याला वाट करून द्या.