दोन तास दहा मिनिटं कागदावरची

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने दीड तासात कापून व्हावं एवढंच. तरी तिकिटावर दोन तास दहा-वीस मिनिटं लिहिलेली असतात, कारण ती नुसती उडण्याची वेळ नसते. विमान मुंबईत गेटवरून मागे सरल्यापासून दिल्लीत गेटला लागेपर्यंतचा तो हिशेब असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, त्यामुळे रांग ठरलेलीच. विमान कंपन्या एवढं आधीच धरतात. दिल्लीचं धुकं मात्र धरत नाहीत.

जानेवारीत मी सकाळच्या विमानाने निघालो. वेळेवर उडालो. दिल्लीवर घिरट्या सुरू झाल्या आणि मग घोषणा झाली, दृश्यमानता कमी असल्यामुळे जयपूरला उतरतोय. तिथे आधीच विमानं ओळीने उभी. धुकं निवळलं की लगेच उडायचं म्हणून कुणाला खाली उतरू देईनात. शेजारी साताऱ्याकडचे काका-काकू होते, मुलाकडे लंडनला निघालेले. काकूंना जेवणाआधी मधुमेहाची गोळी लागायची आणि विमानातलं खाणं तर संपलेलं. गोळी हातात धरून त्या तशाच बसल्या होत्या. मागच्या सीटवरच्या मुलीने डब्यातले दोन पराठे दिले, तेव्हा कुठे ती पोटात गेली.

काका सारखे विचारत होते, "लंडनचं विमान थांबेल ना हो?" नाही थांबलं. स्वस्त पडतात म्हणून दोन तिकिटं वेगवेगळी काढली होती. पहिलं विमान उशिरा पोचलं, याच्याशी दुसऱ्या कंपनीला देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी हे दोघं आलेच नाहीत. लंडनचं तिकीट पुन्हा विकत घ्यावं लागलं. त्या वयाच्या माणसांवर ही वेळ यावी, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

म्हणून कळकळीने सांगतो, पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिल्याला उशीर झाला तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील, तर डिसेंबर-जानेवारीत आदल्या दिवशी दिल्ली गाठा. आईवडिलांचं तिकीट तुम्ही काढत असाल, तर हे नक्की पाळा. औषधं आणि पोटभर कोरडा खाऊ हातातल्या पिशवीत द्या.

दिल्लीत ५० मीटर दृश्यमानतेतही उतरायची यंत्रणा आहे, पण विमान आणि पायलट दोन्ही त्यासाठी पात्र लागतात. त्यामुळे दुसऱ्याचं उतरलं म्हणून आपलं उतरेलच असं नाही. धुकं पहाटे सर्वांत दाट असतं, तेव्हा दुपारचं विमान बरं. अर्थात तेच विमान सकाळपासून फेऱ्या मारत असतं आणि सकाळचा उशीर दुपारपर्यंत येतो. घरातून निघण्यापूर्वी आपलं विमान आधी कुठून येतंय आणि तिथून सुटलंय का, ते मोबाईलवर बघून घ्या. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागायचा तुमचा हक्क आहे. काउंटरवर तो स्पष्ट शब्दांत मागा.