कुंडीतली लिली : नाव एक, झाडं अनेक



रोपवाटिकेत जाऊन "एक लिली द्या" म्हटलंत, तर समोर चार वेगळी झाडं येऊ शकतात. एकाला कडक ऊन लागतं, एक उन्हात करपतं, एक हिवाळ्यात झोपतं. "आमच्याकडे लिली जगतच नाही" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं. म्हणून आधी कुळ विचारा, मग पाणी घाला!

पावण्यासारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि थंडी नावापुरती असते, तिथे सुरुवात पावसाळी लिलीने करावी. पांढरी, गुलाबी, पिवळी अशा रंगांत मिळते. दहा इंचाच्या कुंडीत आठ-दहा कंद लावा, कंदाची मान मातीच्या पातळीवर राहू द्या. निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत. चार-पाच तास ऊन हवंच. कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते जूनआधी बघा, कारण आपल्याकडे कंद उन्हाने मरत नाहीत, साचलेल्या पाण्याने कुजतात.

हिची गंमत अशी की कोरडे दिवस गेल्यावर जोराची सर आली, की थोड्याच दिवसांत फुलं वर येतात. परिसर अभ्यासासाठी याहून स्वस्त प्रयोग नाही. मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा: पाऊस कधी पडला, फूल कधी उमललं. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी तोडून मग भरपूर घातलं, तरी कुंडी फसते आणि फुलते. हे मुलांना फार आवडतं.

पण एक सांभाळा. हा कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो, आणि ते उगीच नाही. पावसाळी लिली, स्पायडर लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी मे फ्लॉवर आणि आपला कांदा-लसूण ही सगळी आज एकाच कुळात धरली जातात. खरी लिली मात्र वेगळ्या कुळातली. कांदा खाण्याचा, लिलीचा कंद विषारी. पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. तेव्हा सुटे कंद ओट्याजवळ ठेवू नका.

मे फ्लॉवरबद्दल एवढंच की हिवाळ्यात तिची पानं पिवळी पडून जातात आणि लोक कुंडी फेकून देतात. झाड मेलेलं नसतं. पाणी कमी करा, सावलीत सरकवा, मे महिन्याची वाट बघा. स्पायडर लिलीला तर फार काही करावंच लागत नाही. ओलसर जागाही तिला चालते.

आता घरात ठेवायची पीस लिली. ही लिली नाहीच, अळूची नातेवाईक आहे. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो, तेच कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे कण हिच्या पानांत असतात. रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर. थेट ऊन नको, खिडकीजवळचा उजेड पुरे. तहान लागली की पानं माना टाकतात, पाणी दिलं की काही तासांत उभी राहतात. वर्गात दाखवायला छान.

आपल्याकडे एमआयडीसी शेजारी, त्यामुळे "ही हवा शुद्ध करते" म्हणून ती हमखास विकली जाते. नासाने 1989 मध्ये केलेल्या ज्या चाचणीचा दाखला देतात, ती बंद पेटीतली होती. घराच्या खोलीत एका कुंडीने असा फरक पडत नाही. मुलाच्या खोकल्यावर डॉक्टर, खोलीच्या शोभेला पीस लिली. पानांवरची धूळ मात्र ओल्या फडक्याने पुसत जा.

कोकणात पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, म्हणजे ग्लोरी लिली, घरी लावायचा मोह अनेकांना होतो. पानाच्या टोकाने आधार धरून चढणारी ही वेल दाखवण्यासारखी आहेच, पण कुंपणावरच. तिच्यातलं कोल्चिसिन, विशेषतः कंदातलं, जीवघेणं ठरू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात आणि शाळेच्या बागेत ती नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली फुलवाल्याकडची एशियाटिक लिली, हीच खरी. तिला थंडी लागते, म्हणून आपल्याकडे पहिल्या वर्षी फुलते आणि पुढे बहुतेक नुसती पानं. घरी मांजर असेल तर ही आणूच नका. तिचे परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर नसेल आणि हौस दांडगी असेल, तर फुलं संपून पानं सुकल्यावर कंद काढा, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये घालून सहा-आठ आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फळांपासून लांब. कंद लसणाच्या गड्ड्यासारखे दिसतात, तेव्हा डब्यावर ठळक अक्षरात लिहा: "खायचे नाही".